तुरुंगातील मतदार: कैद्यांच्या मताधिकाराविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतात तुरुंगात असलेल्या व्यक्तीला मतदान करता येते का?

एक अपवाद सोडला तर नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ याच्या कलम ६२ मधील पोटकलम (५) असे सांगते की, जी व्यक्ती कारावासाच्या किंवा काळ्या पाण्याच्या शिक्षेमुळे अथवा अन्य कोणत्याही कारणाने तुरुंगात बंदिस्त आहे, किंवा पोलिसांच्या कायदेशीर कोठडीत आहे, तिला कोणत्याही निवडणुकीत मत देता येणार नाही. काळ्या पाण्याची शिक्षा १९५५ च्या दुरुस्तीने दंडसंहितेतून गेली, पण या पोटकलमात तिचा उल्लेख तसाच राहिला आहे. हे कलम किती वर्षांत कोणी नीट वाचून पाहिलेले नाही, याची ती एक खूणच म्हणावी लागेल.

सारा भार मात्र ‘अन्य कोणत्याही कारणाने’ या तीन शब्दांवर आहे. शिक्षा झालेली नाही, आरोप निश्चित झालेले नाहीत, कधीकधी दोषारोपपत्रही दाखल झालेले नाही, अशा माणसांचे मत या तीन शब्दांमुळे जाते.

‘कैदी’ या शब्दात नेमके कोण येते?

चर्चा बहुतेक वेळा येथेच घसरते, म्हणून हे आधी स्पष्ट करून घ्यावे. कारागृहाच्या नोंदवहीत बंद्यांचे मुख्यतः तीन प्रकार असतात. न्यायालयाने दोषी ठरवून शिक्षा दिलेला तो सिद्धदोष बंदी, म्हणजे बोलीभाषेतला पक्का कैदी. ज्याचा खटला किंवा तपास अद्याप चालू आहे तो न्यायाधीन बंदी, म्हणजे कच्चा कैदी. तिसरा स्थानबद्ध, ज्याने पुढे काही करू नये म्हणून प्रशासनाने प्रतिबंधात्मक आदेशाने त्याला आत ठेवलेले असते.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातील १,३३० कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे ७५.८ टक्के, न्यायाधीन होते. त्यांत काही परदेशी नागरिकही असतात आणि त्यांच्या मताचा प्रश्नच उद्भवत नाही. परंतु ते वजा केले तरी चित्र बदलत नाही. ‘कैद्यांना मत द्यावे का’ असे विचारले की आपल्या डोळ्यांसमोर खुनी किंवा बलात्कारी येतो. प्रत्यक्षात कायदा ज्यांचे मत थांबवतो, त्यांतील दर चार माणसांमागे तिघांचा गुन्हा सिद्ध झालेला नाही.

शिक्षा झालेला माणूस जामिनावर बाहेर असेल, तर तो मत देऊ शकतो का?

देऊ शकतो. कलमाचा निकष गुन्हा नाही, भिंत आहे. सत्र न्यायालयाने दोषी ठरवलेला, परंतु अपील प्रलंबित असताना उच्च न्यायालयाने जामीन दिलेला माणूस मतदान केंद्रावर रांगेत उभा राहतो. त्याच दिवशी किरकोळ चोरीच्या आरोपाखाली पकडलेला आणि जामीन मंजूर होऊनही जामीनदार न मिळाल्याने आत राहिलेला माणूस मत देऊ शकत नाही.

हे दुसरे उदाहरण कल्पनेतले नाही. जामिनाचा आदेश हातात पडल्यावरही ऐपतीचा दाखला असलेला, रेशनकार्ड घेऊन न्यायालयात दिवसभर थांबायला तयार असलेला जामीनदार लागतो. परगावातून मजुरीसाठी आलेल्या माणसाला तो कोठून मिळणार? देशातील न्यायाधीन बंद्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश बंदी अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्ग यांतील आहेत. मताचा अधिकार अशा रीतीने गुन्ह्याऐवजी ऐपतीवर अवलंबून राहतो. १९५० मध्ये आपण मताधिकारातून मालमत्तेची अट काढून टाकली होती. ती या मागच्या दाराने पुन्हा आत आलेली दिसते.

मग अपवाद कोणता?

स्थानबद्धांचा. त्याच पोटकलमाच्या पहिल्या परंतुकानुसार, म्हणजे ‘परंतु’ म्हणून जोडलेल्या पहिल्या वाक्यानुसार, कोणत्याही कायद्याखाली प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत असलेल्या व्यक्तीला ही मनाई लागू होत नाही. निवडणूक संचालन नियम, १९६१ नुसार अशा मतदारांची नावे, यादीतील क्रमांक आणि स्थानबद्धतेचे ठिकाण ही माहिती शासनाने निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला कळवायची असते, आणि त्यानंतर त्यांना टपाली मतपत्रिका पाठवली जाते.

महाराष्ट्रात याचा अर्थ काय होतो ते पाहण्यासारखे आहे. झोपडपट्टीगुंड, हातभट्टीवाले, अमली पदार्थांचे गुन्हेगार आणि धोकादायक व्यक्ती यांच्यासाठी १९८१ चा जो कायदा आहे, ज्याला सगळे ‘एमपीडीए’ म्हणून ओळखतात, त्याखाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी एखाद्याला बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करू शकतात. असा माणूस येरवड्याला किंवा हर्सूलला असताना कायद्याने टपाली मतदानास पात्र असतो. त्याच कारागृहात, पाकीट मारल्याच्या आरोपावरून आलेला कच्चा कैदी पात्र नसतो. ज्याला शासन समाजासाठी इतका धोकादायक मानते की खटला न चालवताच आत टाकते, त्याचे मत शाबूत राहते आणि ज्याला कायदा निर्दोष गृहीत धरतो त्याचे जाते. स्थानबद्धाचे मत राखले गेले ते योग्यच आहे, कारण राजकीय विरोधकांना स्थानबद्ध करून निवडणूक जिंकण्याचा मोह कोणत्याही सरकारला होऊ शकतो. पण तोच मोह खोटा गुन्हा नोंदवून अटक करण्याच्या बाबतीत होत नाही, असे कोण म्हणेल?

सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवले आहे ना? मग वाद कशाचा?

होय, १९९७ मध्ये अनुकूल चंद्र प्रधान विरुद्ध भारत संघ या प्रकरणात, सरन्यायाधीश जे. एस. वर्मा यांच्या पीठाने. न्यायालयाची कारणे थोडक्यात अशी होती: मत देण्याचा अधिकार कायद्याने दिलेला असल्यामुळे त्यावर कायद्याने मर्यादा घालता येतात, जो स्वतःच्या वर्तनामुळे तुरुंगात आहे तो बाहेरच्या माणसाइतक्या स्वातंत्र्याची मागणी करू शकत नाही, कैद्यांच्या मतदानासाठी मोठा पोलीस बंदोबस्त आणि साधने लागतील, आणि गुन्हेगारी पार्श्वभूमीच्या लोकांना निवडणुकीपासून दूर ठेवणे हा योग्य हेतू आहे. पुढे २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही कायद्याच्या विद्यार्थ्यांची याचिका याच निर्णयाच्या आधारे फेटाळली.

निर्णय बंधनकारक आहे, त्यात शंका नाही. परंतु त्यातील कारणे आज पुन्हा तपासायला हरकत नसावी. ‘स्वतःच्या वर्तनामुळे’ हे कारण सिद्धदोष बंद्याला लागू पडते; ज्याचे वर्तन अद्याप सिद्धच झालेले नाही त्याला ते लावण्यासाठी निर्दोषत्वाचे गृहीतक बाजूला ठेवावे लागते. साधनांचे कारण १९९७ मध्ये वजनदार होते, आता ते तितकेसे राहिलेले नाही. त्याविषयी पुढे लिहिले आहे. आणि गुन्हेगारांना निवडणुकीपासून दूर ठेवण्याचा हेतू कितीही स्तुत्य असला, तरी राजकारणातील गुन्हेगारीकरण मतदारांच्या रांगेतून आलेले नाही, ते उमेदवारांच्या यादीतून आलेले आहे.

आणखी एक मुद्दा संविधानाचा. अनुच्छेद ३२६ प्रौढ मताधिकार देतो आणि तो काढून घेण्याची कारणेही मोजून सांगतो: अनिवास, मनोविकलता, गुन्हा, आणि भ्रष्ट किंवा अवैध आचरण. ‘गुन्हा’ म्हणजे गुन्ह्याचा आरोप नव्हे. कच्च्या कैद्याचे मत या चारांपैकी कोणत्या कारणाने जाते, याचे समाधानकारक उत्तर प्रस्तुत लेखकाला सापडलेले नाही.

तुरुंगातून निवडणूक लढवता येते, पण मत देता येत नाही, हे खरे आहे का?

खरे आहे, आणि ही विसंगती संसदेने समजून-उमजून कायम केली आहे. पाटणा उच्च न्यायालयाने २००४ मध्ये असे म्हटले होते की, ज्याला मत देता येत नाही तो मतदारच नाही आणि जो मतदार नाही त्याला उमेदवार होता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०१३ रोजी हे मत उचलून धरले. त्यानंतर काही महिन्यांतच संसदेने कलम ६२(५) ला दुसरे परंतुक जोडले आणि ते त्याच १० जुलैपासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू केले: मतदानाची मनाई असली तरी यादीत नाव असलेली व्यक्ती मतदार असण्याचे थांबत नाही. म्हणजे उमेदवारी वाचली. मत वाचवण्याची संधी त्याच वेळी, त्याच कलमात होती. ती कोणी घेतली नाही. ज्यांच्या बाजूने बोलणारे सभागृहात होते त्यांचा प्रश्न सुटला.

तुरुंगातून निवडून येण्याची परंपरा तशी जुनी आहे. १९७७ मध्ये जॉर्ज फर्नांडिस बडोदा डायनामाइट प्रकरणात कैदेत असताना मुझफ्फरपूरहून लोकसभेवर निवडून आले. २०२४ मध्ये दोन उमेदवार तुरुंगातून जिंकले, आणि त्या दोघांमधील फरक बोलका आहे. बारामुल्लाहून निवडून आलेले अभियंता रशीद तिहारमध्ये न्यायाधीन बंदी होते, त्यामुळे लाखोंची मते मिळवूनही त्यांना स्वतःचे मत देण्याचा हक्क नव्हता. खडूर साहिबहून निवडून आलेले अमृतपाल सिंग राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली दिब्रुगडला स्थानबद्ध होते, त्यामुळे टपाली मताचा हक्क त्यांना होता. दोघांच्या राजकारणाविषयी वाचकाचे मत काहीही असो, हा भेद कोणत्या तत्त्वावर उभा आहे हे सांगणे अवघड आहे.

महाराष्ट्रात आमदारांच्या मतदानावरून जो वाद झाला होता, तो याच कलमाचा का?

होय. जून २०२२ मध्ये राज्यसभा आणि विधान परिषद अशा दोन निवडणुका दहा दिवसांच्या अंतराने झाल्या. त्या वेळी नवाब मलिक आणि अनिल देशमुख हे दोघे विधानसभा सदस्य न्यायालयीन कोठडीत होते. दोन्ही निवडणुकांसाठी त्यांनी मतदानाची परवानगी मागितली. ती मिळाली नाही. विधान परिषदेच्या वेळी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि तेथेही कलम ६२(५) आडवे आले. मात्र त्याच महिन्याच्या २९ तारखेला, विधानसभेत होणाऱ्या बहुमत चाचणीसाठी त्याच दोघांना सभागृहात जाण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने दिली. मुख्यमंत्र्यांनी त्याच रात्री राजीनामा दिल्यामुळे चाचणी झाली नाही, तो भाग वेगळा.

कायद्याच्या दृष्टीने यात विरोध नाही, कारण १९५१ च्या अधिनियमात ‘निवडणूक’ म्हणजे संसदेच्या किंवा राज्य विधानमंडळाच्या सभागृहातील जागा भरण्यासाठी होणारी निवडणूक. बहुमत चाचणी ही तशी निवडणूक नव्हे. राष्ट्रपतिपदाची निवडणूकही त्या व्याख्येत बसत नाही, आणि जुलै २०१७ मध्ये कोठडीत असलेले छगन भुजबळ तिच्यात मत देऊ शकले. सरकार टिकवायचे की पाडायचे हे ठरवताना कैदेतील आमदाराचे मत चालते, राष्ट्रपती निवडताना चालते. पण त्याच्या शेजारच्या कोठडीतील कच्च्या कैद्याला स्वतःचा आमदार निवडता येत नाही.

ज्याने दुसऱ्याचे आयुष्य उद्ध्वस्त केले, त्याला सरकार निवडण्याचा अधिकार का असावा?

हा सर्वांत प्रामाणिक आक्षेप आहे आणि त्याला ‘मानवाधिकार’ एवढा एकच शब्द फेकून उत्तर देता येत नाही. ज्या घरातील माणूस मारला गेला, त्या घराला मारेकऱ्याच्या बोटावरची शाई पाहून काय वाटेल, हा विचार करायलाच हवा. कायदा मोडणाऱ्याने कायदे करणारे निवडण्यात भाग घेऊ नये, या म्हणण्यातही तर्क आहे.

तरीही दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली ही की, शिक्षा न्यायाधीश देतो, ती गुन्ह्याच्या प्रमाणात असते आणि निकालपत्रात लिहिलेली असते. मत जाण्याची शिक्षा कोणत्याही निकालपत्रात लिहिलेली नसते. निवडणुकीच्या दिवशी जो आत सापडला त्याला ती लागते. तीन महिन्यांची शिक्षा नेमकी मतदानाच्या महिन्यात आली तर पाच वर्षांचा कौल हुकतो, आणि दोन निवडणुकांच्या मध्ये चार वर्षे भोगून सुटलेल्याचे काहीच जात नाही. दुसरी ही की, शिक्षा संपल्यावर हाच माणूस आपल्या गल्लीत परत येणार आहे. कारागृहात त्याला सुतारकाम आणि विणकाम शिकवतो ते त्यासाठीच. नागरिक म्हणून परत यायचे असेल, तर मधल्या काळात नागरिकत्वाचा एखादा धागा तरी शिल्लक ठेवावा, हे म्हणणे अगदीच भाबडे नाही.

लेखकाचे मत विचाराल तर: न्यायाधीन बंद्यांना मत नाकारणे असमर्थनीय आहे. सिद्धदोष बंद्यांच्या बाबतीत गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार आणि शिक्षेच्या मुदतीनुसार रेषा आखता येईल, आणि ती कोठे आखावी यावर समंजस माणसांत मतभेद राहतील. दोन्ही प्रश्न एकत्र बांधले की दुसऱ्याच्या भीतीने पहिलाही अडून राहतो, आणि आजवर तसेच होत आले आहे.

कैद्यांची एकगठ्ठा मते एखाद्या मतदारसंघाचा निकाल फिरवणार नाहीत का?

येरवड्याच्या सगळ्या बंद्यांची मते वडगाव शेरी मतदारसंघात पडतील, अशी भीती अनेकांना वाटते. तिला आधार नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० याच्या कलम २० नुसार, कोणी केवळ तुरुंगात आहे म्हणून तो त्या ठिकाणचा सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. बीडच्या माणसाचे नाव बीडच्याच यादीत राहते आणि त्याचे मत तेथेच मोजले जाईल.

दबावाची शंका मात्र खरी आहे. बराकीतील दादा किंवा अधिकारी कैद्याला अमुक चिन्हावर खूण करायला लावू शकतो. टपाली मतात गुप्ततेची हमी केंद्रावरच्या मतापेक्षा नेहमीच कमी असते. म्हणून कारागृहात मत घ्यायचे तर ते कारागृहाच्या कर्मचाऱ्यांऐवजी निवडणूक आयोगाच्या पथकाने, उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर, आडोशाच्या कप्प्यात घ्यावे लागेल.

एवढी व्यवस्था करणे शक्य आहे का?

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांवरील आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मतदारांना घरून मत देण्याची सोय होती. त्यासाठी पथके खेड्यापाड्यांत, दारोदार गेली, सोबत चित्रीकरण करणारे होते, मतपेटी होती. सैनिकांना मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवण्याची पद्धत त्याआधीच सुरू झाली आहे. कारागृहात तर सर्व मतदार एका आवारात असतात, प्रत्येकाची ओळख नोंदवलेली असते, बंदोबस्त बाराही महिने असतो आणि मतदार मतदानाच्या दिवशी गावाला गेला असण्याची शक्यता नसते. स्थानबद्धांसाठी टपाली मताची यंत्रणा नियमांत आहेच. तिचा व्याप वाढेल, वेगवेगळ्या मतदारसंघांच्या मतपत्रिका वेळेत पोहोचवणे किचकट होईल, हे मान्य. अशक्य मात्र नाही.

इतर देशांत काय आहे?

दक्षिण आफ्रिकेच्या संवैधानिक न्यायालयाने १९९९ मध्ये कैद्यांची नोंदणी करून त्यांना मत देण्याची सोय करण्याचा आदेश दिला आणि मत ही माणसाच्या प्रतिष्ठेची खूण असल्याचे म्हटले. संसदेने नंतर घातलेली मर्यादाही २००४ मध्ये रद्द झाली. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने सर्व कैद्यांना मत दिले. ऑस्ट्रेलियात तीन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा भोगणाऱ्यांचेच मत जाते. अमेरिकेत राज्यागणिक नियम वेगळे आहेत. मेन आणि व्हर्माँट येथे तुरुंगातूनही मत देता येते.

ब्रिटनचा अनुभव आपल्याला विशेष जवळचा आहे, कारण कैद्याचे मत काढून घेण्याची कल्पना आपल्याकडे तेथूनच आली. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००५ मध्ये सरसकट बंदी चुकीची ठरवली, तरी २०११ मध्ये ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने २३४ विरुद्ध २२ मतांनी ती कायम ठेवण्याचा कौल दिला. इतक्या हट्टी ब्रिटनमध्येदेखील कच्च्या कैद्यांना मताचा अधिकार आहे. पाकिस्तान आणि बांगलादेश यांच्या निवडणूक कायद्यांतही कैदेतील व्यक्तीसाठी टपाली मताची तरतूद आहे.

सुटका झाल्यावर पुन्हा नाव नोंदवावे लागते का?

केवळ कैदेमुळे नाव यादीतून काढता येत नाही, त्यामुळे सुटल्यावर त्याच नोंदीवर मत देता येते. दीर्घ अनुपस्थितीमुळे पडताळणीत नाव वगळले गेले असेल, तर मात्र नव्याने अर्ज करावा लागतो. संचित (फर्लो) किंवा अभिवचन (पॅरोल) रजेवर बाहेर आलेला बंदी त्या दिवशी तुरुंगात बंदिस्त नसतो, म्हणून कलमाच्या शब्दांनुसार त्यालाही अडथळा नसावा. तडीपार व्यक्तीला तर हे कलम लागूच होत नाही. हद्दीत येण्यासाठी तिला तात्पुरती परवानगी मात्र घ्यावी लागते.

तुरुंगात न जाताही मताधिकार जाऊ शकतो का?

निवडणुकीसंबंधी ठरावीक गुन्हे किंवा भ्रष्ट आचरण सिद्ध झाल्यास जाऊ शकतो. महाराष्ट्राला याचे ठळक उदाहरण ठाऊक आहे: १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीतील भाषणांमुळे बाळासाहेब ठाकरे यांचा मताधिकार ११ डिसेंबर १९९५ पासून सहा वर्षांसाठी गेला, आणि तसा आदेश निघेपर्यंत १९९९ साल उजाडले होते. येथे निदान दोष आणि परिणाम यांचा परस्परसंबंध आहे, मुदत ठरलेली आहे आणि आधी निर्णय झालेला आहे. कलम ६२(५) मध्ये या तिन्हींपैकी काहीच नाही.

कायदा बदलायचा झाल्यास संविधानात दुरुस्ती करावी लागेल का?

नाही. मनाई साध्या अधिनियमात आहे, त्यामुळे साधे विधेयक पुरेसे आहे. पहिल्या परंतुकात स्थानबद्ध व्यक्तीच्या जोडीला ‘ज्या व्यक्तीस न्यायालयाने दोषी ठरवलेले नाही अशी व्यक्ती’ एवढे शब्द घातले आणि १९६१ च्या नियमांत टपाली मतास पात्र असलेल्यांच्या यादीत तिचा समावेश केला, की न्यायाधीन बंद्यांपुरता प्रश्न सुटतो. पोलीस कोठडीत एक-दोन दिवसांसाठी असलेल्यांची व्यवस्था त्यातही कठीण राहील, कारण मतपत्रिका पाठवायला तेवढा वेळच नसतो. त्यांना बंदोबस्तात केंद्रावर नेणे हाच मार्ग उरतो. त्याच विधेयकात काळ्या पाण्याचा उल्लेखही गाळून टाकता येईल.